‘पित्तच आहे गं, दुसरं काय!’

आमच्या मावशीच्या पर्समध्ये तीन गोष्टी कायम असायच्या. घराची किल्ली, कुंकवाची डबी आणि पित्ताच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी. लग्नाला निघाली, देवदर्शनाला निघाली, नाहीतर नुसती भाजी आणायला निघाली तरी ती पट्टी बरोबर. जेवल्यावर छातीत जळजळ झाली की एक गोळी. चहा प्यायल्यावर मळमळलं की एक गोळी. रात्री अडीचला पोटात खड्डा पडल्यासारखं होऊन जाग आली की अर्धा कप थंड दूध आणि वर पुन्हा एक गोळी. कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, ‘‘अगं, पित्तच आहे, दुसरं काय! बायकांना असतंच.’’

घरगुती उपायही सगळे करून झाले होते. मोरावळा झाला, धन्याजिऱ्याचं पाणी झालं, आमसुलाचं सार झालं, सब्जा झाला. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. यात वीस वर्षं गेली. मधल्या काळात गुडघे दुखायला लागले म्हणून वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या. थकवा येतो म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन कमी. मग लोहाच्या गोळ्या आल्या. त्या तिने नेमाने दोन वर्षं घेतल्या, पण हिमोग्लोबिन काही वर सरकेना. ‘‘माझ्या अंगालाच लागत नाही काही,’’ असं म्हणून तिने तोही विषय संपवला.

आणि मग एका वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी, सकाळपासून उपाशीपोटी पुरणाच्या रगाड्यात उभी असलेली मावशी ओट्यापाशीच चक्कर येऊन कोसळली. दवाखान्यात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन 6 होतं. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘मावशी, शौचाला काळी होत होती का?’’ मावशी आधी गप्प बसली. मग हळूच म्हणाली, ‘‘होत होती. पंधरा दिवस झाले. पण लोहाच्या गोळीने होतेच ना काळी? आणि असलं काय सांगायचं कुणाला?’’

तिचं अर्ध म्हणणं खरं होतं. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळसर होतोच. पण पोटात वर कुठे रक्तस्राव होत असेल तरीही ती काळी होते. डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची. घरातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपी झाली. घशात बधिर करणारा फवारा मारून, कॅमेरा लावलेली एक लवचिक नळी तोंडावाटे पोटात सोडतात. मावशी आदल्या रात्री घाबरून झोपली नव्हती, प्रत्यक्षात सगळं काही मिनिटांत उरकलं. जठराच्या पुढे लहान आतडं जिथे सुरू होतं तिथे मोठा व्रण होता, म्हणजे अल्सर. जठराच्या अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासला, तर त्यात जंतू सापडले. ‘‘मावशी, तुम्ही पित्त पित्त म्हणताय, पण तुम्हाला जंतुसंसर्ग आहे,’’ डॉक्टर म्हणाले. मावशीला ते पटेना. ‘‘जंतू? अहो, मी तर पाणी उकळून पिते!’’

आम्लात कोण जगणार?

मावशीला पटलं नाही यात तिचा दोष नाही. जगभरातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही हे कित्येक वर्षं पटत नव्हतं. आपल्या जठरात अन्न पचवणारं तीव्र आम्ल असतं. त्यात कुठला जंतू टिकून राहणार, अशीच सगळ्यांची समजूत होती. अल्सर होतो तो जास्त आम्लाने, तिखट खाण्याने आणि काळजी करण्याने, असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. रोग्याला दूध, मऊ भात आणि ‘डोक्याला ताप करून घेऊ नका’ हा सल्ला मिळायचा. फारच झालं तर शस्त्रक्रिया. पुढे 1970च्या दशकात आम्ल कमी करणाऱ्या प्रभावी गोळ्या आल्या. त्यांनी व्रण भरून यायचे, पण गोळ्या थांबवल्या की अनेकांना ते पुन्हा व्हायचे.

ऑस्ट्रेलियात पर्थ शहरातल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. 1979च्या जूनमध्ये, नेमक्या आपल्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, जठराचा एक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना त्यात वळणदार जिवाणू दिसले. सहकाऱ्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. मनोविकारतज्ज्ञ असलेल्या त्यांच्या पत्नीने मात्र त्यांना धीर दिला. 1981 साली बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला आणि दोघांनी मिळून 100 रुग्णांचा अभ्यास केला. व्रण असलेल्या बहुतेकांच्या जठरात हे जिवाणू होतेच.

आता ते प्रयोगशाळेत वाढवून दाखवायचे होते. पण काचेच्या बशीत काही केल्या ते वाढेनात. दोन दिवस वाट बघून बशा टाकून द्यायची तिथली पद्धत होती. 1982च्या ईस्टरच्या जोडसुट्टीत बशा तशाच राहून गेल्या. सुट्टीनंतर येऊन बघतात तर जिवाणूंची वाढ झालेली! या जिवाणूला फक्त जरा जास्त वेळ लागत होता. दही विरजल्यावर तासाभराने भांडं उघडून ‘लागलंच नाही’ म्हणण्यासारखंच होतं हे.

तरीही लोक मानेनात. मग 1984 साली मार्शल यांनी या जिवाणूंचं गढूळ द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. बायकोला आधी काही सांगितलंही नाही. थोड्याच दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला दुर्गंधी असं सगळं सुरू झालं. आठ-दहा दिवसांनी एंडोस्कोपी केली, तेव्हा आधी धडधाकट असलेल्या जठराला सूज आली होती आणि तिथे जिवाणूही होते. घरी हे कळल्यावर काय झालं असेल ते मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. मार्शल यांनी प्रतिजैविकं, म्हणजे आपल्या बोलण्यातली अँटिबायोटिक्स, घेतली आणि ते बरे झाले.

या जिवाणूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. डॉक्टर लोक त्याला थोडक्यात ‘एच. पायलोरी’ म्हणतात. 1994 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने अल्सर आणि हा जिवाणू दोन्ही असतील तर प्रतिजैविकं द्यावीत असं सांगितलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जठराच्या कर्करोगाच्या निश्चित कारणांत त्याचं नाव घातलं. 2005 साली वॉरन आणि मार्शल यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. वॉरन 2024 साली वारले, पण त्यांच्यामुळे जगभर कितीतरी जणांची पोटं फाडायची वाचली.

पोटातला जुना भाडेकरू

आम्लात हा जिवाणू टिकतो कसा? त्याच्याकडे युरिएज नावाचं एक विकर असतं. जठरात असलेल्या युरियापासून त्याच्या मदतीने तो अमोनिया तयार करतो आणि आपल्याभोवतीचं आम्ल मारून टाकतो. मग आपल्या शेपटांच्या जोरावर अस्तरावरच्या चिकट थरात शिरतो आणि तिथेच बिऱ्हाड थाटतो. काढला नाही तर बहुधा जन्मभर राहतो.

त्याची आणि माणसाची ओळख फार जुनी आहे. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या पोटातही तो होता, असं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. आजही जगातल्या निम्म्याच्या आसपास लोकांच्या पोटात तो असल्याचा अंदाज वर्षानुवर्षं दिला जात आला आहे. आपल्याकडे तर त्याचं प्रमाण मोठंच आहे.

लागण बहुतेक वेळा लहानपणीच होते, तीही घरातल्या घरात. दूषित पाणी, शौचानंतर नीट न धुतलेले हात, एकमेकांची लाळ आणि उलटी या त्याच्या वाटा. बाळाला घास स्वतः चावून मऊ करून भरवायची पद्धत अजूनही काही घरांत आहे. त्यामागची माया खरी असली, तरी ती पद्धत सोडलेली बरी. मावशी पाणी उकळून पीत होती, पण ती लहान होती तेव्हा बारा माणसांच्या वाड्यात एका आडावर सगळ्यांचं चालायचं. पाहुणा तेव्हाच घरात शिरला असणार.

पण हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. ज्यांच्या पोटात हा जिवाणू असतो, त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. दहांतल्या एखाददुसऱ्याला अल्सर होतो. कर्करोग त्याहून कितीतरी कमी जणांना. आपल्या देशात जिवाणूची लागण इतकी असूनही जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आढळतो, आणि या कोड्याने संशोधकांना बराच काळ विचारात पाडलं आहे. तेव्हा पोटात जंतू आहे एवढ्यावरून झोप उडवायचं कारण नाही. वर्षानुवर्षं त्रास होत असताना ‘पित्तच आहे’ म्हणून बसून राहायचंही कारण नाही.

बायकांचंच का लिहायचं?

हा जंतू बाई-पुरुष असा भेद करत नाही. मग हे इथे, या पानावर का? कारण त्रास अंगावर काढायची सवय आपली आहे.

आपलं रोजचं बघा. सकाळी रिकाम्या पोटी दोन कप चहा. मुलांचे डबे, यांचा डबा, मग उरलंसुरलं. दुपारचं जेवण तीनला. आठवड्याचा एक उपास, शिवाय चतुर्थी, एकादशी, आणि नवरात्रात तर नऊ दिवस. उपासाला तळलेले पापड आणि साबुदाण्याची खिचडी. मग पोट जळलं तर नवल ते काय! यातल्या कशानेही जंतू येत नाही. पण जळजळीला इतकी कारणं समोर दिसत असतात की त्यामागे आणखी काही असेल, असं आपल्या मनातच येत नाही. घरात कुणी ‘डॉक्टरकडे जाऊन ये’ म्हणालंच, तर आपणच ‘सण होऊन जाऊ दे’ म्हणतो.

दुसरी गोष्ट रक्ताची. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची मुख्य कारणं आहारातलं कमी लोह, पाळीतला रक्तस्राव, बाळंतपणं ही आहेतच. पण एच. पायलोरीचाही त्यात हात असू शकतो. व्रणातून थेंबथेंब रक्त जात राहतं, आणि जठराला दीर्घकाळ सूज असली तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. म्हणून लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर या जंतूची तपासणी करावी, असं आता डॉक्टरांची मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. मावशीला हे कुणी दोन वर्षं आधी सांगितलं असतं तर?

आणि तिसरी गोष्ट म्हणजे गुडघेदुखी, कंबरदुखी, डोकेदुखीसाठी परस्पर दुकानातून आणलेल्या गोळ्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधं स्वतःच अल्सर करू शकतात. त्यात पोटात हा जंतूही असला, तर धोका आणखी वाढतो. मावशीच्या बाबतीत दोन्ही एकत्र आले होते.

तपासणी आणि ते चौदा दिवस

सगळ्यांनाच एंडोस्कोपी लागते असं नाही. धोक्याची लक्षणं नसतील, तर साध्या चाचण्यांनीही जंतू कळतो. एक म्हणजे श्वासाची चाचणी. खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात. जंतू पोटात असेल तर तो त्याचं विघटन करतो आणि तो खुणेचा कार्बन आपल्या श्वासात उतरतो. दुसरी शौचाची चाचणी, जिच्यात जंतूचे अंश शोधतात. या दोन्ही चाचण्यांआधी आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल अशा गोळ्या साधारण दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद ठेवावी लागतात, नाहीतर जंतू असूनही चाचणी ‘नाही’ म्हणू शकते. अर्थात गोळ्या थांबवायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच. रक्ताचीही एक चाचणी असते, पण तिच्यावरून जंतू आत्ता आहे की पूर्वी होऊन गेला ते सांगता येत नाही.

उपचारात आम्ल कमी करणारं औषध आणि निदान दोन प्रतिजैविकं एकत्र देतात. काही वेळा त्यात बिस्मथचीही भर असते. हे आता बहुतेक वेळा चौदा दिवस चालतं. गोळ्या मूठभर असतात, तोंड कडू-धातूसारखं होतं, कुणाला जुलाब होतात. आमची मावशी इथेच घसरली. सहाव्या दिवशी जळजळ थांबली, तोंडाला चव नव्हती, म्हणून तिने गोळ्या बंद करून टाकल्या. ‘‘बरं वाटतंय की आता!’’ आणि दोन महिन्यांनी केलेल्या चाचणीत जंतू पोटात ठाण मांडून बसलेला.

अर्धवट उपचारात नुसता जंतू उरतो असं नाही, तर तो औषधांना दाद न देणारा होऊन बसू शकतो. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिन, मेट्रोनिडॅझोल या नेहमीच्या औषधांना न जुमानणारे जंतू आधीच खूप झाले आहेत. सर्दी-तापाला परस्पर घेतलेली प्रतिजैविकं, तीन दिवसांत सोडून दिलेले कोर्स, हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणून शेजारणीची चिठ्ठी दाखवून ‘तेच द्या’ म्हणणं इथे चालायचं नाही.

दुसऱ्या वेळी औषधं बदलून दिली. या वेळी वहिनीने सूत्रं हातात घेतली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौदा दिवसांच्या चौदा चौकटी आखल्या आणि दोन्ही वेळच्या गोळ्या समोर उभं राहून घ्यायला लावल्या. ‘‘सासू कोण आणि सून कोण तेच कळेना,’’ मावशी कुरकुरायची. पण कोर्स पुरा झाला. महिन्याभराच्या वर थांबून श्वासाची चाचणी केली आणि या वेळी जंतू गेलेला होता. लोहाच्या गोळ्या त्याच होत्या, पण आता त्या लागू पडल्या. काही महिन्यांत हिमोग्लोबिन 11च्या वर गेलं.

सगळेच जंतू वाईट नसतात

जठरातल्या या एका जंतूमागे लागताना मोठ्या आतड्यातलं गजबजलेलं गाव विसरून चालणार नाही. आपल्या शरीरात जितक्या पेशी, साधारण तितकेच जिवाणू आहेत, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचणारा भाज्या-धान्यांतला चोथा ते खातात आणि आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करतात. ‘के’ जीवनसत्त्व आणि काही ‘बी’ जीवनसत्त्वं बनवतात. बाहेरून आलेल्या रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत. प्रतिजैविकं घेतली की वाईटाबरोबर या चांगल्यांचीही धूळधाण होते. औषधांनी जुलाब होतात ते बऱ्याचदा म्हणूनच. एच. पायलोरीसाठी औषध घ्यावं लागलं तर जरूर घ्यावं, पण साध्या सर्दीसाठी या गावाला आग लावू नये.

दही-ताकाबद्दल नेहमी विचारलं जातं. ते जरूर घ्यावं. त्यातले जिवाणू पाहुण्यासारखे येऊन जातात, तरी त्यांचा उपयोग होतो. पण ताकाने एच. पायलोरी जात नाही, हेही तितकंच खरं. गावातल्या कायमच्या रहिवाशांना हवी असते ती ज्वारीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, सालासकट फळं. हे सगळं आपण घरातल्यांना वाढतोच की. फक्त स्वतःच्या ताटात, आणि वेळेवर, वाढून घ्यायचं राहून जातं.

जंतू गेला म्हणून मावशीची जळजळ शंभर टक्के गेली, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. कधी मिरचीची भजी जास्त झाली की अजूनही छातीत जळतं. काही जणींचा त्रास जंतू जाऊनही उरतो, आणि त्याची कारणं वेगळी असतात. पण रात्री अडीचचं उठणं थांबलं. पर्समधली ती पट्टीही गेली. गुडघ्यांसाठी आता ती व्यायाम करते आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेत नाही.

पुढच्या वर्षी गौरीला वहिनीने तिला सकाळी नऊलाच दूध-पोहे खायला घातले, मगच पुरणाला हात लावू दिला. संध्याकाळी हळदीकुंकवाला शेजारच्या काकू आल्या होत्या. मावशीने चहा विचारला, तर त्या म्हणाल्या, ‘‘नको हो, पित्त झालंय. नेहमीचंच, दुसरं काय!’’ मावशीने ट्रे खाली ठेवला, त्यांच्याजवळ बसली आणि विचारलं, ‘‘किती वर्षं झाली?’’

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचं?

• शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होत असेल, किंवा उलटीत रक्त अथवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं तर त्याच दिवशी.

• विनाकारण वजन घटत असेल, घास गिळायला त्रास होत असेल, सतत उलट्या होत असतील तर.

• लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर.

• घरात आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल तर.

• पित्ताच्या गोळ्या आठवड्यामागून आठवडे घ्याव्या लागत असतील तर.

• जळजळीबरोबर दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा हातात दुखणं असेल तर पित्त समजून थांबू नका. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका असाही येतो. तडक रुग्णालय गाठा.

• श्वासाच्या चाचणीआधी गरोदर असल्यास किंवा तशी शंका असल्यास डॉक्टरांना सांगा.